जावेचं रक्त

जावेचे पाय गेले तेव्हा तिच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या पिशवीत होता, आणि त्यात तिला काहीही झालेलं नाही असं लिहिलेलं होतं.

ती गोठ्यात म्हशीखाली बसली होती. धार काढून झाली, उठायला गेली आणि उठलीच नाही. बादली तिने आधी बाजूला सरकवली, दूध सांडू नये म्हणून. मग म्हणाली, "जाऊबाई, माझे पाय मला लागंनात."

"लागंनात म्हंजे?"

"हायेत का नाय तेच कळंना."

मी खाली बसून तिच्या पोटरीला करकचून चिमटा घेतला. मला बघायचं होतं ती खरं बोलते का. ती माझ्या हाताकडे बघत राहिली, जसं काही मी दुसऱ्याच कुणाला चिमटा घेत होते. मग तिच्या लुगड्याखालून ओल पसरायला लागली आणि तिला त्याचाही पत्ता नव्हता. माझे दीर, म्हणजे तिचा नवरा, सातपूरच्या कंपनीतून रात्रपाळी करून नुकतेच आले होते आणि डबा हातात घेऊन दारात उभे होते. कुठलीही बाई नवऱ्यासमोर नाटक म्हणून लुगडं ओलं करत नाही. तिचं सोंग नाही हे मला त्या दिवशी पटलं.

दीर म्हणाले, "वहिनी, काल तर रिपोर्ट चांगला आला म्हणाला होतात."

"आला होता."

"मग?"

"मग त्या रिपोर्टालाच बसवा धार काढायला."

भाजीचा टेम्पो मार्केटला निघायचा होता. कोथिंबिरीच्या जुड्या उतरवल्या, गोणपाट अंथरलं आणि तिला त्यावर निजवून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला. थोडी भाजी, थोडा झेंडू आणि गोठ्यात म्हशी. माझा नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. दीर कंपनीत, म्हणून शेत आणि गोठा आम्ही दोघी जावांनी धरून ठेवलेला. ती नांदगावकडची, माझ्याहून बरीच लहान, बोलायला तिखट. ती आजारी पडायच्या आधीच्या हिवाळ्यात आमची एक म्हैस गाभडली. दिवस भरायच्या आत रेडकू मेलेलं पडलं आणि जार, म्हणजे वार, आत अडकला. जनावरांचा डॉक्टर यायला वेळ होता. जावेने कोपरापर्यंत हात घालून तो काढला. तिचे हात बारीक, म्हणून असलं काम तिच्याकडे. माझ्या उमेदीत माझ्याकडे होतं. त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही.

उन्हाळ्यात तिला ताप यायला लागला. ताप तरी कसला? दिवसभर काही नाही, संध्याकाळी अंग तापायचं, पहाटे घामाने अंथरूण भिजायचं. आठवडाभर यायचा, मग गायब. दवाखान्यात नेलं की थर्मामीटर काही दाखवायचा नाही. नांदगावला तिच्या भावाच्या लग्नात वरातीपुढे नाचली आणि परत आल्यावर मेथी खुडायच्या दिवशी कंबर धरून बसली. मी म्हणाले, "तुझा ताप पंचांग बघून येतो वाटतं."

ती म्हणाली, "तुमच्याकडंच धाडते पुढच्या खेपंला. बघा मग मुहूर्त."

गावातल्या डॉक्टरने रक्त तपासून टायफॉईड ठरवला. गोळ्या झाल्या. पुन्हा ताप. पुन्हा तपासणी, पुन्हा टायफॉईड. तालुक्यात ज्याला ताप त्याला टायफॉईडच निघत होता, ते बघून मी विचारलं की ह्यांच्याकडे दुसरा रोग शिल्लक नाही का. मग कमरेचा फोटो काढला. मणक्यात डाग निघाला. टीबी म्हणाले. सुया सुरू झाल्या आणि लघवी लाल करणारी ती गोळी. सगळ्यांनी मिळून तिला शक्ती यावी म्हणून धारेचं कोमट दूध न तापवता पाजलं. आमच्याकडे दुखणेकऱ्याला ते देतातच. तिला उतार पडला, चेहरा भरला. सुया थांबल्या आणि गोळ्याही कमी झाल्या तेव्हा ताप परत आला. टीबीच्या डॉक्टरांनाही कोडं पडलं, म्हणून त्यांनी सगळं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. मलेरिया नाही, टायफॉईड नाही, रक्त बाटलीत घालून ठेवलं तर त्यात काही उगवलं नाही. तोच तो पिशवीतला रिपोर्ट.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाई होत्या. केस पांढरे, पायात साध्या चपला. त्यांनी जावेचे पाय टोचून पाहिले, फोटो उजेडाला धरला, आणि मग आम्हाला विचारलं, "घरात जनावरं आहेत?"

"म्हशी हायेत."

"एवढ्यात कुठली गाभडली होती?"

मी सांगितलं. जार कुणी काढला तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, जनावरांचा एक ताप माणसाला लागतो, जारातून, कच्च्या दुधातून. तो येतो-जातो, हाडात जाऊन बसतो, मणक्यात बसला तर हुबेहूब टीबीसारखा दिसतो. टीबीच्या औषधातली दोन औषधं त्यालाही लागू पडतात, म्हणून मध्ये बरं वाटलं असेल. पण औषध पुरं पडलं नाही तर तो मुरून राहतो. आता मणक्याशी पू धरला आहे आणि तो पायांच्या शिरा दाबतो आहे. टीबी असेल तर एक औषध, हा ताप असेल तर दुसरं. लवकर ठरलं नाही तर पाय कायमचे जातील, कदाचित जीवही जाईल.

"कशावरून ठरणार?" दिरांनी विचारलं.

"रक्तावरून. ह्या तापाची वेगळी तपासणी करावी लागते."

त्यांनी चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर समोरच्या गल्लीतल्या एका लॅबचं नाव छापलेलं होतं. माझी नजर तिथेच अडकली. डॉक्टर एकाच लॅबमध्ये का पाठवतो हे नाशकात शेंबडं पोरही सांगेल. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण छापलेलं नाव वाचता येतं.

त्या काळी वॉर्डात रक्त काढून नळी नातेवाइकाच्याच हातात द्यायचे आणि लॅबला पोचवायला सांगायचे. नळी घेऊन मी जिना उतरले तेव्हा मला डेअरीची आठवण झाली.

गावच्या डेअरीवर दूध घालायला गेलं की मापाडी फॅट लावतो. फॅटवर भाव. तो यंत्रात बघून लिहितो की नुसताच मनाने लिहितो, हे घालणाऱ्याला कळत नाही. संशय आला की आम्ही बाया एक काम करायच्या. एका कॅनमध्ये खरं दूध घालायचं आणि दुसऱ्यात शेजारणीच्या नावाने पाणी घातलेलं. दोन्हीला एकच फॅट लागली की समजायचं, मेला बघतच नाही. असा एक मापाडी आम्ही घालवलाही होता.

लॅबमध्ये मी जावेची नळी तिच्या नावाने दिली. मग शेजारच्या खुर्चीत बसले, हात पुढे केला आणि म्हणाले, माझंही काढा, हीच तपासणी करा. नाव माहेरचं सांगितलं. चष्मेवाल्या माणसाने विचारलं, "डॉक्टरांची चिठ्ठी?"

"पैसे रोख देते. चिठ्ठी कशाला?"

त्याने काढलं. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, पण रोज वैरणीचा भारा डोक्यावरून आणत होते. मला कधी साधं पडसं टिकलं नाही. ह्या परीक्षेत मी म्हणजे पाणी घातलेलं दूध होते.

दोन्ही रिपोर्ट एकाच पाकिटात आले. जावेच्या रक्तात ताप निघाला. माझ्याही रक्तात निघाला.

दिरांना मी जिन्यातच दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे लॅब बोगस."

"बोगस."

"मग बाईबी त्यांच्यातलीच."

"असंल नायतर काय."

"तिला नांदगावला नेऊन घालतो. तिच्या आईकडं. तिथं एक मणका बसवणारा हाय."

"मणका काय दार हाय का, बिजागरी बसवायला?"

पण मीही दुसरं काय करायचं ते सांगू शकत नव्हते. टेम्पोवाल्याला संध्याकाळी यायला सांगितलं. जाताना बाईंच्या तोंडावर दोन्ही कागद टाकायचे आणि जायचं, असं माझ्या मनात होतं.

बाईंनी दोन्ही कागद वाचले. दुसरं नाव कुणाचं विचारलं. मी सांगितलं, माझं, आणि का केलं तेही सांगितलं, डेअरीसकट. मला वाटलं ओरडतील. त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"मावशी, तुम्ही गोठ्यात किती वर्षं आहात?"

"लग्न होऊन आल्यापासनं."

"जार काढलेत?"

"मोजले नाय."

"मग तुम्ही पाणी नाही. तुम्हीपण दूधच आहात."

मी म्हणाले, "मला ताप नाय."

"आता नाही. कधीतरी येऊन गेला असेल. थोडी कसकस झाली असेल, कामात कळलंही नसेल. ह्या तपासणीत जंतू दिसतच नाही. जंतूशी झगडायला अंगाने जे तयार केलं ते दिसतं. जंतू मेला तरी ते रक्तात राहतं. काहींच्यात वर्षानुवर्षं."

मी म्हणाले, "म्हंजे चोर दिसला असं ह्यात लिहिलंच नाय. कुत्रं भुंकलं एवढंच लिहिलंय."

"बरोबर."

"आणि चोर गेल्यावरबी कुत्रं भुंकतंच."

"हो. पण तुमचं कुत्रं हळू भुंकतंय, तिचं जोरात. हे आकडे बघा."

आकडे मला दाखवायची गरज नव्हती. मी विचारलं, "मग तिच्या हाडात आता चोर हाय का गेलाय, हे तुमाला ह्या कागदावरनं कळलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पूर्ण नाही कळलं."

आमच्या एवढ्या फेऱ्यांमध्ये 'नाही कळलं' म्हणणारा डॉक्टर मला पहिल्यांदा भेटला. गावातल्याला कळलं होतं, फोटोवाल्याला कळलं होतं, टीबीवाल्यांनाही आधी कळलं होतं. मी टेम्पो परत पाठवला. विश्वास बसला होता असं नाही. जे ठामपणे सांगत होते ते सगळे चुकले होते, म्हणून आता न सांगणारीला बघू, इतकंच.

बाई म्हणाल्या, जंतू स्वतः दिसायला हवा तर तो उगवावा लागतो. तो हाडातल्या मगजात सापडायची शक्यता जास्त. कमरेच्या हाडातून सुईने थोडा मगज काढायचा आणि बाटलीत ठेवायचा. हा जंतू फार सावकाश उगवतो. आधीच्या लॅबने बाटली आठवडाभरात फेकून दिली असणार, कारण बाकीचे जंतू तोवर उगवतात आणि सगळे तसंच करतात. मी नंतर त्या लॅबमध्ये जाऊन विचारलंसुद्धा. तिथला माणूस म्हणाला, "जागा किती आहे आमच्याकडे? ठेवून काय लोणचं घालायचं?" बाई खरं बोलल्या होत्या. निदान तेवढं तरी.

दीर मगज काढायला तयार होईनात. "हाड पोकळ होईल ना, डॉक्टर."

खाटेवरून जाऊ म्हणाली, "पोकळ झालं तर बासरी करा. तेवढीच वाजवाल कायतरी."

वॉर्डातल्या बाया हसल्या. दिरांनी सही केली.

सुई घातली तेव्हा मी तिचा हात धरला होता. तिने माझ्या मनगटावर नखं रुतवली, तोंडातून आवाज काढला नाही. पायात जीव नव्हता, पण कमरेच्या हाडात सगळं लागत होतं. बाईंनी बाटली उगवायची वाट बघितली नाही, त्याच दिवशी औषध सुरू केलं. मी अडवलं. "ठरलं नाय म्हणता, मग औषध कसं देता?"

"अंदाजाने देते आहे. थांबले तर पाय जातील. अंदाज चुकला तर बाटली सांगेल, मग बदलू."

"आणि बाटलीत कायच उगवलं नाय तर?"

"तर माझी पंचाईत."

तिला दवाखान्यात ठेवून मी मळा बघत होते. फुलं घेऊन शहरात आले की आधी लॅबमध्ये जायची आणि बाटली दाखवा म्हणायची. चष्मेवाला वैतागला. "मावशी, बाटलीला पाय नाहीत."

"माझ्या जावेलाबी नायत. म्हणून तर येते."

"फेकणार नाही. डॉक्टरांनी बजावलंय."

"बजावलं तरी बघते."

तो कपाट उघडून दाखवायचा. पिवळट पाण्याची बाटली, वर चिकटपट्टी, पट्टीवर जावेचं नाव. एकदा चिकटपट्टी नवी दिसली. मी विचारलं का बदलली. म्हणाला, जुनी निघाली होती. मी त्याला खोदून खोदून विचारलं, बाटली तीच का, कशावरून. त्याने हात जोडले. तिसऱ्या आठवड्यात मला वाटायला लागलं की ह्यात काही उगवणार नाही, आणि बाईंनाही तसं वाटत असावं, कारण त्या माझ्याशी कमी बोलायला लागल्या होत्या. जावेचा ताप मात्र उतरला होता. पण तो मधूनमधून आपणहून उतरायचाच. त्यावर मी काय विश्वास ठेवणार?

मग एके दिवशी गेले तर चष्मेवाल्याने मला दारातच थांबवलं. नाकाला फडकं, हातात रबरी मोजे. "आत येऊ नका."

"का?"

"उगवलंय."

"दाखवा."

त्याने काचेच्या खिडकीपलीकडून बाटलीतला थेंब टाकून ठेवलेली एक चपटी काचेची वाटी दाखवली. तीही हातात धरली नाही, टेबलावरच ठेवली आणि मला वाकून बघायला लावलं. त्यात दंवाच्या थेंबासारखे टिपके होते, मोहरीहून बारीक. मला ते फारसे दिसलेही नाहीत. मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या कपाळावर घाम होता. शिकताना त्याच्या बरोबरच्या एकाने अशीच वाटी उघडून वास घेतला होता आणि तो पुढे कित्येक महिने अंथरुणाला होता, असं तो म्हणाला. खोटा रिपोर्ट लिहिणारा माणूस स्वतःच्या रिपोर्टाला घाबरत नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा लॅबचं खरं मानलं.

जावेला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे माझं दुखणं खरं निघालं."

"निघालं."

"आता तरी पंचांग मिटा."

मी तिला मोसंबं सोलून दिलं.

औषध महिनोन्महिने चाललं. पहिल्यांदा अंगठा हलला. मग टाच ओढता यायला लागली. घरी आणल्यावर ती गोठ्यातल्या दावणीला धरून उभी राहायची, म्हशी तिच्याकडे बघायच्या आणि ती त्यांना शिव्या द्यायची. जनावरांच्या डॉक्टरने म्हशींचं रक्त नेलं. त्यातल्या दोन म्हशींच्या रक्तात तेच निघालं. मी त्यालाही विचारलं, हे आत्ताचं का जुनं. त्यालाही सांगता येईना. दीर म्हणाले, बाजारात विकून टाकू. मी म्हणाले, तिथून त्या दुसऱ्या कुणाच्या सुनेच्या हाताखाली जातील. त्या दोघींना वेगळं बांधलं, पुन्हा गाभण राहू दिलं नाही, आणि घरात कच्चं दूध कुणी तोंडाला लावायचं नाही असं ठरलं. दीर गुपचूप लावायचे की काय, मला शंका आहे.

हे इथे संपलं असतं तर बरं होतं. पुढे काही वर्षांनी, हातात मोबाईल आले त्या सुमाराला, जावेची कंबर परत धरली. आमच्या बाई तोवर निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. नव्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने नव्या यंत्रावर रक्त तपासलं. म्हणाला, रोग अजून आहे, सगळं औषध पुन्हा सुरू करावं लागेल. शहाणपणा म्हणून मी दुसऱ्या लॅबमध्ये तेच रक्त नेलं. तिथे म्हणाले, नाही. जाऊ त्या रात्री जेवली नाही. गोळ्यांनी पोटाचं काय होतं हे तिला माहीत होतं, आणि पाय नसताना काय होतं तेही.

दोन्ही कागद घेऊन मी आमच्या बाईंच्या घरी गेले, जावेला बरोबर घेऊन. बाईंनी कागद बाजूला ठेवले. ताप आहे का? नाही. पहाटे घाम? नाही. वजन उतरलं? दीर बरोबर असते तर हसले असते, ती चांगली जाड झाली होती. बाईंनी पाय टोचून पाहिले, मणका दाबून पाहिला. म्हणाल्या, फोटो काढा आणि बाटली परत ठेवा, पूर्ण मुदत. तोपर्यंत गोळी नको.

फोटोत जुना डाग होता, नवा नव्हता. बाटलीत शेवटपर्यंत काही उगवलं नाही. मी तीही बघायला जात होते.

मी बाईंना विचारलं, "उगवलं नाय म्हंजे अंगात नाय, असं लिहून देता का?"

"नाही देत," त्या म्हणाल्या. "उगवलं तर आहे हे नक्की. नाही उगवलं तर बहुतेक नाही."

"बहुतेक."

"बहुतेक."

तो शब्द मला अजून आवडत नाही. मी त्यानंतर भेटेल त्या डॉक्टरला विचारलं, हाडात मुरलेला गेला की नाही हे सांगणारी एखादी तपासणी निघाली का. कुणी म्हणाला निघाली, त्याच्या लॅबमध्ये होते. त्याच्याकडे मी परत गेले नाही. जावेची कंबर थंडीत दुखते, उन्हाळ्यात राहते. तिने औषध पुन्हा घेतलं नाही.

जाऊ त्यातून जगली. डावा पाय जरा ओढते, पण स्वतः चालते.